त्रिमिति आकृतीचें दस्तऐवजांत रूपांतर

वस्तूला लांबी, रुंदी व उंची असते. कागदाला मात्र लांबी व रुंदी एवढ्या दोनच मिति असतात. यामुळें मनांत योजिलेली घन वस्तु दुसऱ्यास कशी कळवावी, हा प्रश्न शिल्पी, कारागीर व यंत्रकार यांच्यापुढें फार प्राचीन काळापासून उभा आहे. कुंभार मडक्याचा नमुना घडवून दाखवूं शकतो; परंतु पुलाचा, किल्ल्याच्या तटाचा अथवा आगगाडीच्या एंजिनाचा नमुना कोणी खिशांत घालून परगांवीं नेऊं शकत नाहीं. अलीकडे या प्रश्नास नवें रूप आलें आहे. यंत्रांचे भाग आतां संगणकाच्या पडद्यावर तिन्ही मितींनीं घडविले जातात. घडविणारास तो भाग हवा तसा फिरवून पाहतां येतो; परंतु ज्यानें तो प्रत्यक्ष तयार करावयाचा, तपासावयाचा किंवा विकत घ्यावयाचा, त्याच्याजवळ तें महागडें साधन बहुधा नसतें. तेव्हां ही घन आकृति कोणासही उघडून पाहतां येईल अशा दस्तऐवजाच्या रूपांत कशी घालावी, आणि तसें करितांना तिच्यांतील काय टिकतें व काय गळून जातें, याचें थोडक्यांत विवेचन करण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

घन वस्तु सपाट कागदावर अचूक उतरविण्याच्या कलेस शास्त्राचें रूप देणारांत गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाचें नांव अग्रभागीं येतें. मोंज १७४६ सालीं जन्मला. मेझियेर येथील लष्करी विद्यालयांत काम करीत असतां तटबंदीच्या आखणीचा एक प्रश्न त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. त्या काळीं असे प्रश्न लांबलचक आंकडेमोड करून सोडवीत. मोंजनें तो केवळ भूमितीच्या रेषांनीं इतक्या त्वरेनें सोडविला कीं, अधिकाऱ्यांस प्रथम त्याचें उत्तर खरें वाटेना. पुढें तीच रीति लष्करी गुपित म्हणून कित्येक वर्षें झांकून ठेवण्यांत आली. १७९५ सालीं पॅरिस येथील व्याख्यानांतून ती सर्वांस खुली झाली व १७९९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली.

या रीतीचें मर्म सोपें आहे. वस्तूच्या प्रत्येक कोपऱ्यापासून एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या पातळ्यांवर लंब टाकावयाचे, आणि त्या पातळ्या उलगडून एकाच कागदावर मांडावयाच्या. असें केलें म्हणजे वस्तु पुढून कशी दिसते, वरून कशी दिसते व बाजूनें कशी दिसते, हीं तीन चित्रें मिळतात. ड्रॉइंगच्या वर्गांत विद्यार्थी आजही हेंच करितात. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हीं तीन चित्रें कागदावर कोणत्या जागीं मांडावयाचीं, याविषयीं जगांत एकमत नाहीं. भारतीय मानकांत पहिल्या कोनाची रीति स्वीकारलेली आहे. तींत वरून दिसणारें चित्र पुढील चित्राच्या खालीं येतें. अमेरिकेंत तिसऱ्या कोनाची रीति चालते. तींत वरून दिसणारें चित्र वरच काढतात. कोणती रीति वापरली आहे हें सांगण्याकरितां ड्रॉइंगच्या कोपऱ्यांत शेंडा कापलेल्या शंकूचें एक लहानसें चिन्ह घालीत असतात. तें चिन्ह कोणी पाहिलें नाहीं, तर एका बाजूस खांच असलेला भाग उलट्या बाजूस खांच घेऊन तयार होतो, व लोखंड आणि मजुरी दोन्ही वायां जातात. तात्पर्य, दस्तऐवज नुसता अचूक असून भागत नाहीं. तो कसा वाचावा हेंही त्यानें आपल्या अंगावर वागविलें पाहिजे. हें तत्त्व मोंजच्या कागदास जितकें लागू आहे, तितकेंच आजच्या फाइलीस लागू आहे.

संगणकावर आकृति काढण्याच्या विद्येचा आरंभ शोधूं लागलों, तर १९६३ हें साल प्रमुख मानावें लागतें. त्या वर्षीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयांत आयव्हन सदरलँड यानें 'स्केचपॅड' नांवाची रचना आपल्या प्रबंधांत मांडली. प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेषा काढावी व संगणकानें ती समजून घ्यावी, असा तिचा प्रकार होता. त्याच सुमारास फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत वक्र पृष्ठभाग गणितानें कसा लिहावा याचा शोध चालू होता. सित्रोएन येथील पॉल द कास्तेल्ज्यो व रेनॉ येथील पिएर बेझिए या दोघांनीं स्वतंत्रपणें काढलेल्या रीति आज सर्व वक्ररेषांच्या मुळाशीं आहेत. पुढें सुमारें तीस वर्षांत ही विद्या इतकी वाढली कीं, १२ जून १९९४ रोजीं प्रथम उडालेलें बोइंग ७७७ हें प्रवासी विमान सर्वस्वीं संगणकावरील त्रिमिति आकृतींवरून रचण्यांत आलें.

आतां संगणकांतील या घन आकृतीच्या, म्हणजे ज्यास सर्वत्र मॉडेल म्हणतात त्याच्या, पोटांत काय असतें तें पाहूं. उदाहरणाकरितां नळ जोडण्याची एक लोखंडी चकती घेऊं. तिचा व्यास १०० मिलिमीटर, मधोमध एक मोठें भोक व कडेनें बोल्टाकरितां चार लहान भोकें. कारखान्यांत हिला फ्लँज म्हणतात. या साध्या चकतीच्या मॉडेलमध्यें चार थर एकावर एक असतात.

पहिला थर घडणीच्या इतिहासाचा. प्रथम वर्तुळ काढलें, मग त्यास जाडी दिली, मग मधलें भोक पाडलें, मग एक लहान भोक पाडून तें चारदां फिरवून घेतलें, असा सर्व क्रम मॉडेलमध्यें नोंदलेला असतो. व्यासाचा आंकडा बदलला कीं पुढचें सर्व आपोआप बदलतें. दुसरा थर अचूक पृष्ठांचा. आपल्या चकतीस वरचें व खालचें अशीं दोन सपाट पृष्ठें, बाहेरचें एक गोल पृष्ठ, मधल्या भोकाचें एक व लहान भोकांचीं चार, मिळून आठ पृष्ठें आहेत. प्रत्येक पृष्ठ गणिताच्या सूत्रानें लिहिलेलें असतें, त्यामुळें तेथें गोल म्हणजे खराखुरा गोल असतो. तिसरा थर सूचनांचा. धातु कोणता, भोकास आटे पाडावयाचे कीं नाहीं, मापांत किती फरक चालेल म्हणजे टॉलरन्स किती, हें त्यांत येतें. चौथा थर दर्शनाचा. पडद्यावर चित्र उमटविण्याकरितां संगणक त्या अचूक पृष्ठांवर लहान लहान त्रिकोणांची एक जाळी पांघरतो, व तीच आपल्या डोळ्यांस दिसते.

रूपांतर म्हणजे या चार थरांपैकीं कोणते पाठवावयाचे व कोणते मागें ठेवावयाचे याची निवड होय. हें एकदां मनांत ठसलें म्हणजे पुढील सर्व प्रकार सुगम होतात. लाडू हातीं आला म्हणून त्याची कृति हातीं आली असें होत नाहीं. आणि लाडवाचें चित्र हातीं आलें म्हणून लाडू आला असेंही होत नाहीं. परंतु ज्यास केवळ लाडू केवढा आहे एवढेंच पाहावयाचें आहे, त्याला चित्र पुरतें. चूक होते ती पाठविणाऱ्यानें चित्र धाडलें व घेणाऱ्यानें तें लाडू समजून घेतलें म्हणजे.

अशा गैरसमजाची किंमत केवढी मोठी असूं शकते, याचें एक प्रसिद्ध उदाहरण एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली विमानाचें आहे. या विमानाचे भाग फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन व स्पेन या चार देशांत तयार होऊन फ्रान्समधील तूलूज येथें जोडले जात. एका विमानांत विजेच्या तारांची लांबी सुमारें ५३० किलोमीटर भरे. जोडणी चालू असतां असें आढळून आलें कीं, जर्मनींतील हँबुर्ग येथें तयार झालेले तारांचे जुडगे नेमलेल्या मार्गांत नीट बसत नाहींत. कित्येक ठिकाणीं तारा आखूड पडतात. शोध घेतां अनेक कारणांपैकीं एक मोठें कारण हें निघालें कीं, जर्मनी व स्पेन येथील रचनाकार कॅटिया नांवाच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ति वापरीत होते, तर फ्रान्स व ब्रिटन येथील पांचवी. दोन्हींचें नांव एकच, परंतु एकींतील आकृति दुसरींत नेतांना तिचे सर्व थर जसेच्या तसे उतरत नसत. २००६ सालीं विमानें देण्याचें वेळापत्रक पुन्हां पुन्हां पुढें ढकलावें लागलें. पहिलें विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हातीं ऑक्टोबर २००७ मध्यें पडलें, आणि विलंबामुळें झालेलें नुकसान अब्जावधी युरोंच्या घरांत गेलें. एवढ्या बुद्धिमान् लोकांच्या व एवढ्या श्रीमंत कारखान्याच्या वाट्यास जें आलें, तें लहान कारखानदाराच्या वाट्यास रोज येण्याचा संभव आहे. फरक इतकाच कीं, त्याची वार्ता वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं.

या अडचणीवर जगानें तीन उपाय शोधिले आहेत. पहिला उपाय तटस्थ फाइलीचा. प्रत्येक सॉफ्टवेअरची फाइल ही जणूं त्याची खासगी बोली. म्हणून सर्वांनीं मान्य केलेली एक सामान्य भाषा असावी, असें ठरलें. १९८० सालीं अमेरिकेंत 'आयजेस' नांवाची अशी एक भाषा प्रसिद्ध झाली. तिच्यांतील उणिवा लक्षांत आल्यावर १९९४ सालीं 'स्टेप' या नांवाचें आंतरराष्ट्रीय मानक निघालें. त्याचा अनुक्रमांक १०३०३ आहे. स्टेप फाइलींत अचूक पृष्ठांचा थर शाबूत राहतो. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या २४२ क्रमांकाच्या विभागांत टॉलरन्ससारख्या सूचनाही यंत्रास वाचतां येतील अशा रीतीनें घालतां येतात. घडणीचा इतिहास मात्र बहुधा मागें राहतो. ज्या कारखानदारास तो भाग यंत्रावर कापावयाचा आहे, त्याला स्टेप फाइल देणें हेंच इष्ट होय. परंतु ती उघडून पाहण्यास त्याच्याजवळही एखादें कॅड सॉफ्टवेअर असावें लागतें, ही तिची मर्यादा आहे.

दुसरा उपाय केवळ त्रिकोणांच्या जाळीचा. १९८७ च्या सुमारास अमेरिकेंतील थ्री-डी सिस्टिम्स या कंपनीनें आपल्या घन मुद्रणाच्या यंत्रांकरितां 'एसटीएल' नांवाची फाइल प्रचारांत आणिली. हिची रचना अत्यंत साधी आहे. आरंभीं ८० बाइटांचें शीर्षक, मग त्रिकोणांची संख्या सांगणारे ४ बाइट, आणि मग प्रत्येक त्रिकोणास ५० बाइट. एका घनाच्या सहा बाजूंस प्रत्येकीं दोन याप्रमाणें बारा त्रिकोण लागतात; म्हणून घनाची संपूर्ण फाइल ६८४ बाइटांत मावते. परंतु गोल आकाराचें तसें नाहीं. त्रिकोणाची बाजू सरळ असते, तेव्हां वर्तुळाच्या जागीं बहुभुज आकृति येते, व तिच्या प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळाच्या थोडा आंत राहतो. आपल्या चकतीची त्रिज्या ५० मिलिमीटर आहे. तिच्या परिघाच्या १२ बाजू केल्या तर ही तूट १.७० मिलिमीटर येते. ३६ केल्या तर ०.१९, आणि ७२ केल्या तर सुमारें ०.०५ मिलिमीटर. विद्यार्थ्यांस हें गणित करून पाहतां येईल: वर्तुळाच्या बाजूंची संख्या जी असेल, तिनें १८० अंशांस भागावें, आलेल्या कोनाची कोज्या एकांतून वजा करावी व बाकीस त्रिज्येनें गुणावें.

या आंकड्यांवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. बाजूंची संख्या दुप्पट केली कीं तूट जवळजवळ चौथाईवर येते, हा लाभ. परंतु त्याबरोबर त्रिकोण वाढतात व फाइल फुगते, ही हानि. एक लाख त्रिकोणांची फाइल पन्नास लाख बाइटांच्या वर जाते. म्हणून किती बारीक जाळी घ्यावयाची, हा निर्णय कामाकडे पाहून करावयाचा असतो. पाहण्यापुरतें चित्र असेल तर ३६ बाजूही पुरतात. परंतु भोकांत दांडा घट्ट बसवावयाचा असेल, तर ७२ बाजूंची जाळीही विश्वासार्ह नव्हे, तेथें अचूक पृष्ठच हवें. एसटीएल फाइलीचा आणखी एक दोष असा कीं, तींत मापाचें परिमाण लिहिण्याची सोयच नाहीं. चार हा आंकडा चार इंच कीं चार मिलिमीटर, हें फाइल सांगत नाहीं. इंचांत काढलेली आकृति मिलिमीटर समजून उघडली, तर ती २५.४ पट लहान होते.

तिसरा उपाय, ज्याकरितां आम्हीं हा लेख मुख्यतः लिहिला, तो दस्तऐवजाचा. अ‍ॅडोबी कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक जॉन वॉर्नॉक यानें १९९१ सालीं अशी कल्पना मांडली कीं, कोणत्याही यंत्रावर लिहिलेला कागद कोणत्याही दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा दिसावा व छापतां यावा. तिच्यांतून १९९३ सालीं पीडीएफ ही फाइल जन्मास आली. २००८ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आरंभीं तींत अक्षरें व सपाट चित्रें एवढींच मावत. २००४ च्या डिसेंबरांत 'यू-थ्री-डी' नांवाची त्रिमिति आकृतीची रीति मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या सिद्धतेंत इंटेल, बोइंग, अ‍ॅडोबी इत्यादि कंपन्यांचा हात होता. त्यानंतर लवकरच पीडीएफच्या पानांत घन आकृति बसविण्याची सोय झाली. पुढें 'पीआरसी' नांवाची दुसरी रीति आली. ती मूळ एका फ्रेंच कंपनीची असून २०१४ सालीं तीही आंतरराष्ट्रीय मानक ठरली. यू-थ्री-डी मुख्यत्वें त्रिकोणांची जाळी वाहून नेते. पीआरसींत जाळी तर राहतेच, शिवाय इच्छा असल्यास अचूक पृष्ठेंही घालतां येतात.

अशा दस्तऐवजाचें पान प्रथम साध्या छापील पानासारखेंच दिसतें. मजकुराच्या मध्यें एक चौकट असते व तींत वस्तूचें एक स्थिर चित्र असतें. त्यावर टिचकी मारली कीं चित्र जागें होतें. मग माउसनें वस्तु फिरवावी, जवळ आणावी, आडवी कापून आंतील भाग पाहावा, अनेक भागांचें यंत्र असेल तर एक एक भाग झांकून ठेवावा. रचनाकारानें 'पुढून', 'वरून', 'आंतून' अशीं दृश्यें नांवें देऊन ठेविलीं असतील, तर वाचकास एका टिचकीसरशीं तीं मिळतात. म्हणजे मोंजच्या रीतीनें जीं चित्रें कागदावर वेगवेगळीं मांडतात, तीं येथें एकाच चौकटींत राहतात, आणि त्यांच्यामधील असंख्य दृश्येंही त्यांच्यासह येतात. ज्याला ड्रॉइंग वाचण्याचें शिक्षण नाहीं, त्यालाही वस्तूचा आकार कळतो, हा या रीतीचा सर्वांत मोठा गुण होय. शास्त्रज्ञांनींही तिचा उपयोग केला आहे. १ जानेवारी २००९ च्या 'नेचर' या सुप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकांत तारे जन्मास येतात अशा वायुमेघांविषयींचा एक निबंध प्रसिद्ध झाला; त्याच्या पीडीएफ प्रतींत वाचकास तो मेघ स्वतःच्या हातानें फिरवून पाहतां येत असे.

आतां प्रत्यक्ष रूपांतराचा क्रम सांगतों. प्रथम घेणारा कोण व त्याचें काम काय, हें ठरवावें. दुसरें, मूळ मॉडेलला हात न लावतां त्याची प्रत काढावी, व जें दाखवावयाचें नाहीं तें त्या प्रतींतून काढून टाकावें. शिंपी सदरा विकतो, त्याबरोबर बेतण्याचा कागद देत नाहीं. त्याप्रमाणें घडणीचा इतिहास व आंतील गुप्त भाग मागें ठेवणें यांत गैर कांहीं नाहीं. तिसरें, जाळीची तूट किती चालेल तें आंकड्यानें ठरवावें. सॉफ्टवेअरनें आपण होऊन जो आंकडा सुचविला असेल, तो डोळे मिटून घेऊं नये. चौथें, परिमाण मिलिमीटर कीं इंच हें फाइल काढतांना निवडावें व पानावर अक्षरांनींही लिहावें. पांचवें, आकृति पानांत बसवून आरंभीचें दृश्य व नांवाचीं दृश्यें ठरवावीं. तिच्या शेजारीं धातु, नग, आटे, टॉलरन्स व तारीख यांचा तक्ता घालावा. सहावें, ज्यास वस्तु कापावयाची आहे त्याच्याकरितां स्टेप फाइल त्याच पीडीएफला पुरवणी म्हणून जोडावी. पीडीएफच्या पोटांत अशी दुसरी फाइल ठेवतां येते. म्हणजे डोळ्यांकरितां जाळी व हत्याराकरितां अचूक पृष्ठ, दोन्ही एकाच लखोट्यांत जातात. शेवटीं, तयार दस्तऐवज दुसऱ्या यंत्रावर उघडावा, एक दोन मापें घ्यावीं, व तीं मूळ मॉडेलशीं ताडून पाहावीं. हें शेवटचें पाऊल पुष्कळ लोक टाळतात, आणि अनर्थ बहुधा तेथेंच होतो.

या कामास पैसा मोठा लागतो असें मात्र नाहीं. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्यें मॉडेल घडवून त्याची स्टेप फाइल काढतां येते, तसेंच सपाट ड्रॉइंगची पीडीएफही करितां येते. मेशलॅब या दुसऱ्या मोफत साधनानें त्रिकोणांच्या जाळीची यू-थ्री-डी फाइल निघते. आणि लॅटेक या अक्षरजुळणीच्या पद्धतींतील 'मीडिया-नाइन' नांवाच्या जोडणीनें ती पानांत बसवितां येते. ज्या विद्यार्थ्यास भूमितीची गोडी आहे, त्यानें सुटींत एखादा शंकु, एखादा पंचकोनी लोलक किंवा घरांतील बिजागरी घेऊन हा सर्व क्रम करून पाहावा. पुस्तकांतील दहा आकृति पाठ करण्यापेक्षां स्वतः फिरवलेली एक आकृति अधिक शिकविते.

गुणांबरोबर दोषही सांगणें आमचें कर्तव्य आहे. पीडीएफमधील घन आकृति सर्वत्र फिरत नाहीं. बहुतेक ब्राउझरांत व मोबाइलवरील वाचकसाधनांत केवळ वरचें स्थिर चित्र दिसतें. संगणकावरील अ‍ॅक्रोबॅट रीडरही सुरक्षिततेकरितां प्रथम परवानगी मागतो. म्हणून स्थिर चित्र हें नुसतें शोभेचें न ठेवतां स्वतःच पुरेसें बोलकें असावें, व मुख्य मापें अक्षरांनीं लिहिलेलीं असावींत. मोबाइलवर फिरणारी आकृति हवी असेल, तर २०१५ सालीं निघालेली व २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय मानक झालेली 'जीएलटीएफ' ही फाइल त्या कामास बरी. परंतु तीही जाळीचीच असल्यामुळें तिच्यावरून धातु कापूं नये. दुसरें असें कीं, फिरणारें चित्र पाहून मनुष्यास आपणांस सर्व कळलें असें वाटूं लागतें. आकार कळणें व माप कळणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोळ्यास गोल दिसणारें भोक जाळींत छत्तीस कोनांचें असूं शकतें, हें विसरतां कामा नये.

या विषयाकडे आम्ही केवळ यंत्रविद्येचा एक बारकावा म्हणून पाहत नाहीं. पुण्याजवळील भोसरी-चिंचवडसारख्या औद्योगिक वसाहतींत शेंकडों लहान वर्कशॉपें आहेत. तेथें दोन लेथ व एक ड्रिल यंत्र यांवर चार माणसें मोठ्या कारखान्यांकरितां सुटे भाग करितात. त्यांच्या हातीं येणारा कागद किंवा फाइल जर त्यांस उघडतां आली नाहीं, अथवा उघडून चुकीची दिसली, तर काम दुसरीकडे जातें, किंवा झालेला माल परत येतो व लोखंडाची किंमत त्यांच्या अंगावर बसते. मोंजची रीति गुप्त होती तोंपर्यंत तिचा उपयोग एका लष्करी विद्यालयास झाला. ती उघड झाल्यावर सर्व जगाच्या कारखान्यांस झाला. महागड्या सॉफ्टवेअरच्या खासगी बोलींत कोंडलेली आकृति ही त्या गुप्त रीतीसारखीच आहे. ती सर्वांस वाचतां येईल अशा मानक रूपांत मांडणें म्हणजे लहान कारागिरास मोठ्याच्या पंक्तीस बसविणें होय.

काळाचाही विचार आहे. विमान, पूल किंवा कारखान्यांतील दाबयंत्र तीस-चाळीस वर्षें सहज चालतें. सॉफ्टवेअरची एखादी आवृत्ति मात्र थोड्याच वर्षांत जुनी होते. आज केलेल्या यंत्राचा एक भाग वीस वर्षांनीं तुटला, तर त्याचें मॉडेल उघडणारें साधन त्या वेळीं मिळेलच असा भरंवसा नाहीं. ज्या फाइलीची रचना उघड छापलेली आहे व आंतरराष्ट्रीय मानकांत नोंदलेली आहे, तिचें वाचन पुढील पिढीस नव्यानें साधन करूनही साधेल. म्हणून मूळ मॉडेल आपल्याजवळ ठेवावेंच. परंतु त्याबरोबर एक स्टेप प्रत, एक वाचनीय दस्तऐवज व त्यांत अक्षरांनीं लिहिलेलीं मापें ठेवावींत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें यंत्रकार होईल, कोणी गृहरचनाकार, कोणी सुतार वा टर्नर, कोणी शास्त्रज्ञ. कोणताही धंदा पत्करा; आपल्या मनांतील वस्तु दुसऱ्याच्या मनांत जशीच्या तशी उभी करण्याचा प्रसंग तुम्हांवर येणारच. त्या वेळीं फाइल धाडली म्हणजे काम संपलें असें समजूं नका. घेणाऱ्याच्या जागीं क्षणभर बसून त्याच्याजवळ काय साधन आहे, त्यास काय हवें आहे व आपण पाठविलेल्यांतून काय गळलें आहे, याचा विचार करा. आणि जें गळलें असेल तें पानावर स्पष्ट लिहा. तेवढें एक वाक्य लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो, आणि त्याच्या अभावीं वायां गेलेलें लोखंड मात्र पुन्हां भट्टींतच घालावें लागतें.